दमलेलं पोट

मी डॉक्टर झालो तो वडिलांमुळे आणि शिष्यवृत्तीमुळे. पण रोग्याच्या पोटावर हात ठेवण्याआधी तिथं कान लावावा, हे मला शिकवलं सिस्टर मार्था साळवे यांनी. नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर म्हणून लागलो, तिथल्या पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या इन्चार्ज होत्या. मी सत्तावीस वर्षांचा, त्या पन्नाशी ओलांडलेल्या. उंचीनं लहान, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. चालताना त्यांच्या चपलांचा आवाज कधी आला नाही. आजवर माझ्या हातून जे रोगी जेवते झाले, त्यांतल्या पुष्कळांचं श्रेय त्यांचं आहे. त्या हयात असताना हे मी त्यांना एकदाच कळवलं, तेही पत्रानं.

माझं गाव सटाण्याकडचं. वडील शाळेत शिपाई होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलेलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी मेडिकल कॉलेजच्या होस्टेलात होतो. मेसमध्ये दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो आणि घरचे मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीवर दिवस काढत होते. सुट्टीत घरी गेलो की आई माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "आखो ले, दादा, आखो ले." आणखी घे म्हणजे. मी आणखी घ्यायचो आणि तिच्या ताटाकडे बघायचं टाळायचो. हे सांगतोय ते सहानुभूतीसाठी नाही. पुढं माझ्या हातून जी चूक झाली तिचं मूळ मला इथं दिसतं. माणसाला जेवू घालणं म्हणजे त्याला वाचवणं, हे माझ्या रक्तात इतकं भिनलं होतं की पाच वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणानंही ते निघालं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अत्यवस्थ रोगी म्हणजे सलाईन, ऑक्सिजन, इंजेक्शनं. पण माणूस आठ-पंधरा दिवस बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत असेल, तर त्याला खायलाही घालावं लागतं. नाकातून एक बारीक रबरी नळी जठरापर्यंत सरकवायची आणि तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. त्याला आम्ही फीड म्हणायचो. आज ते पावडरीच्या डब्यातून येतं. तेव्हा दूध, साखर, फेटलेलं अंडं, भाताची गाळलेली पेज असं काय मिळेल ते असायचं. आणि रुग्णालयाच्या दुधाची धार पाण्यासारखी, म्हणून बहुतेक नातेवाईक घरूनच किटलीत दूध आणायचे.

अडचण पुढंच आहे. माणूस फार आजारी पडला की त्याचं पोटही आजारी पडतं. जठर अन्न पुढं ढकलायचं विसरतं, आतडी मंदावतात. झोपेची औषधं दिली असतील तर ती आणखी पेंगतात. वरून ओतलेलं दूध तिथंच साचून राहतं आणि पोट फुगतं. एखाद्या क्षणी ते उलटून घशात येतं आणि श्वासनळीत उतरतं. मग ज्या दुधानं माणूस जगायचा, त्याच दुधात तो बुडतो.

म्हणून सिस्टर मार्थांची एक रीत होती. फीड देण्याआधी त्या नळीला पन्नास सीसीची काचेची सिरिंज लावून दट्ट्या हलकेच मागे ओढायच्या. दोन तासांपूर्वी दिलेल्यातलं किती परत येतंय ते मापात घालून बघायच्या. थोडं आलं तर ते परत आत सोडायचं आणि पुढचं फीड द्यायचं. बरंच आलं तर थांबायचं. त्याआधी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून दोन मिनिटं गुडगुड ऐकायची. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली त्यांनी कायमच्या विटा घालून ठेवल्या होत्या. रोग्याला त्या उजव्या कुशीवर कलतं ठेवायच्या, कारण जठराचं दार त्या बाजूला उघडतं. अलीकडचे डॉक्टर म्हणतात, दर वेळी मागे ओढून मोजायची गरज नाही. असेलही. पण आमच्याकडे ना यंत्रं होती ना धड तपासण्या. एक सिरिंज होती आणि एक कान होता.

नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधल्या एका गृहस्थांची आठवण सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. स्वादुपिंडाला सूज येऊन त्यांची आतडी चार दिवस ठप्प झाली होती. वारा सरला की समजायचं, आतडी जागी झाली. त्यांचे शिफ्टमधले दोस्त रोज भेटीच्या वेळेला घोळक्यानं यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय सिस्टर, सुटली का गाडी?" स्टेशनाजवळ राहणारी माणसं ती. सिस्टर मान वर न करता म्हणायच्या, "सिग्नल पडला नाही अजून." पाचव्या दिवशी भर राउंडमध्ये गाडी सुटली. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, मग अख्ख्या वॉर्डानं. बिचारे गृहस्थ चादर डोक्यावरून ओढून बसले. सिस्टरांनी चादर बाजूला केली आणि त्यांना चमचाभर पाणी पाजलं. म्हणाल्या, "लाजू नका. आजच्या दिवसातली सगळ्यात चांगली बातमी आहे ही."

असं हे काम. ते शिकायला मला एक माणूस जवळजवळ गमवावा लागला.

त्याचं नाव रामनाथ. वय तिशीचं, घर दिंडोरीच्या बाजूच्या एका खेड्यात, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर. घरी गोठ्याचे पत्रे बदलताना त्याच्या पायात गंजका खिळा गेला. त्यानं त्यावर हळद दाबली आणि विसरला. आठवड्यानं जबडा उघडेना. धनुर्वात. तेव्हा हे रोगी आमच्याकडे महिन्याला दोन-तीन तरी यायचे आणि त्यांतले बरेच परत जायचे नाहीत. वॉर्डाच्या टोकाला त्यांच्यासाठी एक अंधारी खोली होती, खिडक्यांना काळे पडदे लावलेली. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी मोठ्यानं बोललं तरी रोग्याला आकडी यायची आणि शरीर धनुष्यासारखं ताठायचं. आकडी येऊ नये म्हणून झोपेचं औषध भरपूर द्यावं लागे.

रामनाथची बायको मंदा आणि आई भिकाबाई खोलीच्या बाहेर, जिन्याजवळ बसून असायच्या. दूध घरचं यायचं. मंदा गावाकडून सकाळच्या एसटीनं किटली घेऊन येई. भिकाबाई ते वॉर्डाच्या स्टोव्हवर तापवून सिस्टरांच्या हातात देत.

सहाव्या दिवशी, दुपारच्या राउंडला, सिस्टर मला म्हणाल्या, "दोनशे दिलं होतं, डॉक्टर, दीडशे परत आलंय. पोट ताणलंय. मी फीड थांबवलंय, नुसतं शहाळ्याचं पाणी तीस-तीस देतेय."

शहाळ्याचं पाणी ही त्यांचीच युक्ती. शरीरातलं पोटॅशियम कमी झालं की आतडी सुस्तावतात. ते मोजायची सोय आमच्याकडे नव्हती, पण शहाळं कोपऱ्यावर मिळायचं.

मी रामनाथकडे पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या. सहा दिवसांत इतका धडधाकट माणूस वाळून गेला होता. बाहेर आलो तर भिकाबाईंनी वाट अडवली.

"डॉक्टर, माझं लेकरू उपाशी हाय हो. मी इथं भाकर खाते आन् ते तिथं नुसत्या पान्यावर. दूध तसंच पडून ऱ्हायलंय किटलीत. त्याला पोटाला द्या काहीतरी, पाया पडते."

भाकर खाते आणि ते पाण्यावर. मला दुसरं काही ऐकू येईना. मी परत आत गेलो आणि केसपेपरवर लिहिलं : दर दोन तासांनी अडीचशे मिलीलीटर दूध, साखरेसह. खाली सही केली.

सिस्टरांनी वाचलं. "पोट ऐकलंत?"

"सिस्टर, माणूस उपाशी ठेवून बरा होत नाही."

"उपाशी नाही तो. दमलाय. पोट दमलंय त्याचं. दमलेल्या बैलाला ओझं वाढवून चालवता येत नाही."

त्या हळू आवाजातच बोलत होत्या, खोलीच तशी होती. पण दारात एक नवी शिकाऊ नर्स उभी होती आणि ती ऐकत होती. मला वाटलं, माझी पदवी तिथं मोजली जातेय.

"ऑर्डर मी लिहिलीय," मी म्हणालो.

"मग सिरिंजही तुम्हीच धरा." त्यांनी ती माझ्या हातात दिली. रागानं नाही. जशी एरवी देत तशीच.

मी धरली. अडीचशे मिलीलीटर दूध मी माझ्या हातानं त्या नळीत सोडलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कुणाला तरी जेवू घातल्यासारखं वाटलं होतं.

तीन वाजायच्या सुमाराला रामनाथला आकडी आली आणि आकडीबरोबर सगळं दूध उलटून वर आलं. तो निळा पडला. मी पोचलो तेव्हा सिस्टरांनी त्याला कुशीवर वळवून त्याचं डोकं खाली केलं होतं. पायानं दाबायचं सक्शन मशीन त्या स्वतः मारत होत्या आणि नळीतून पांढरं पांढरं येत होतं. सर्जनना बोलावून तिथंच त्याच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली. जीव राहिला. पण उजव्या फुप्फुसात दूध उतरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया झाला.

त्या उलटीत पिवळे तवंग होते. मी बाहेर येऊन भिकाबाईंना विचारलं, "दुधात काय घातलं होतं?"

त्या घाबरल्या. "तूप. दोन चमचं. घरचंच हाय. ताकद यावी म्हनून. मंदा नको म्हनत व्हती."

तुपानं पोट आणखी मंदावतं, हे खरं आहे. आणि मी ते धरून ठेवलं. जिन्याजवळ गावाकडचे आठ-दहा जण जमले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तुमच्या त्या तुपानं झालं हे सगळं. सांगितल्याशिवाय काही घालू नये एवढं कळत नाही?"

भिकाबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या सरांनी राउंडला कारण विचारलं. मी म्हणालो, नातेवाइकांनी दुधात तूप घातलं होतं. सरांनी केसपेपर उलटला, अडीचशेचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. सिस्टरांना त्यांनी काही विचारलं नाही आणि सिस्टर स्वतःहून काही बोलल्या नाहीत. राउंड संपल्यावर ड्युटीरूममध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "तूप दोन चमचे होतं, डॉक्टर. दूध अडीचशे होतं." आणि थोड्या वेळानं, "त्या बाईला जाऊन सांगा."

मी गेलो नाही. आधी रोगी वाचू दे, मग सांगू, असं स्वतःला म्हणालो.

पुढचे दिवस मी त्या अंधाऱ्या खोलीत सिस्टरांच्या शेजारी स्टुलावर बसून काढले. दर दोन तासांनी त्या आधी ऐकायच्या, मग मला ऐकवायच्या. "काय ऐकू येतंय?" "काहीच नाही." "मग आपणही दूध द्यायचं नाही." जठराला चालना देणारं इंजेक्शन तेव्हा नवीन होतं. ते सरांनी सुरू केलं. शहाळ्याचं पाणी चालूच होतं. पहिल्यांदा तीस मिलीलीटर पेजेचं पाणी दिलं आणि मागे ओढलं तेव्हा पंचवीस परत आलं. मग वीस. मग दहा. शाळेत कधी परीक्षेच्या निकालाची इतकी वाट पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी सिस्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला आणि माझा चेहरा बघत राहिल्या. खोल विहिरीत कुणी घागर बुडवावी तसा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. मी हसलो, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पन्नास, पंचाहत्तर, शंभर. ताप उतरला. आकड्या विरळ झाल्या. पाचव्या आठवड्यात, गळ्यातली नळी काढल्यावर, रामनाथनं स्वतःच्या तोंडानं पेज प्यायली आणि खरखरत्या आवाजात पहिलं वाक्य बोलला : "मीठ नाय यात." मंदा रडत रडत हसली.

घरी जायच्या दिवशी भिकाबाई सगळ्या वॉर्डाला पेढे वाटत फिरल्या. माझ्यापुढं आल्या आणि वाकल्या. मी पाय मागे घ्यायच्या आत त्यांनी डोकं टेकवलं. "माझ्या हातानं लेकराचा जीव चालला व्हता, डॉक्टर. तुम्ही वाचवला."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी त्यांना उठवलं, पेढा घेतला आणि म्हणालो, "आता काळजी घ्या." टेबलाशी सिस्टर नोंदी लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं. मग परत चालू झालं.

त्यानंतर त्यांनी मला वेगळं वागवलं नाही. उलट हातचं राखून न ठेवता शिकवलं. भाजलेल्या रोग्याला कधी सुरू करायचं, डोक्याला मार लागलेल्याला किती, पोट फुगायच्या आधी कपाळावर घाम कसा येतो. वॉर्डात नवे डॉक्टर आले की त्या त्यांना माझ्याकडे पाठवायच्या. "यांना विचारा, पोटाचं यांना कळतं." हे वाक्य त्या मनापासून बोलत, आणि दर वेळी मला ते टोचायचं.

मधून मधून त्या विचारायच्या, "दिंडोरीकडे जाणं झालं का?" मी म्हणायचो, जायचंय. दोन वर्षं अशी गेली. शेवटी त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. त्या नगर जिल्ह्यात आपल्या माहेरच्या गावी, धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. वॉर्डानं हार घातला, भाषणं झाली, मीही बोललो आणि बरं बोललो. निघताना त्यांनी मला एका बाजूला घेतलं.

"दिंडोरीला?"

मी मान खाली घातली.

"पत्ता आहे ना माझा? पत्र टाकायची घाई करू नका. जाऊन याल तेव्हा टाका. तोवर नको."

हा मला मिळालेला सगळ्यात कडक मेमो. कुठल्याही साहेबानं मला इतक्या थोड्या शब्दांत दम दिला नाही. तरीही मी आणखी आठ महिने घेतले. त्या आठ महिन्यांत पत्र लिहावंसं मला कितीदा वाटलं! एक अवघड रोगी बरा झाला, माझं लग्न ठरलं. दर वेळी कागद काढला आणि परत ठेवला. मग एका रविवारी सकाळी उठलो आणि एसटी स्टँडवर गेलो. त्या संध्याकाळी लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे राहिला, तोच खाली देतो.

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

आज रामनाथच्या गावी जाऊन आलो.

त्याची तब्येत चांगली आहे. कारखान्यात परत लागलाय, फर्स्ट शिफ्ट करतो. गळ्याची खूण दिसू नये म्हणून कॉलरचं बटण लावून ठेवतो. मंदाला मुलगी झालीय, दीड वर्षाची आहे.

भिकाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, गावातल्या चार जणांना बोलावून 'हेच ते डॉक्टर' म्हणून दाखवलं. चहा झाला. मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पावसापाण्याचं विचारलं. शेवटी चार माणसं निघून गेल्यावर म्हणालो, "आजी, त्या दिवशी दूध मीच जास्त घातलं. सिस्टर नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. तुमच्या दोन चमच्यांनी एवढं झालं नसतं. मी माझं तुमच्यावर ढकललं."

रामनाथ आणि मंदा तिथंच होते. भिकाबाई शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "कवापासनं म्हायती व्हतं तुला?" मी म्हणालो, त्याच दिवसापासून.

"तीन वरीस होत आलं," त्या म्हणाल्या. "तीन वरीस म्या ह्याच्या ताटात वाढलं नाय. रांधते, पन वाढती ती मंदाच. माझ्या हाताचं त्याला बाधतं म्हनून. त्या नातीलाबी अजून घास भरवला नाय म्या."

मंदा एकदम सासूला म्हणाली, "आन् मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग हाय." आणि आत निघून गेली.

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, सिस्टर. "जा आता, तुझी गाडी चुकंल," एवढंच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं तेव्हा गेलो असतो, तर एका आईची तीन वर्षं वाचली असती. हे मला लिहायचं होतं. बाकी तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून मानत नाही.

गल्ली ओलांडून मी रस्त्याला लागलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. मला वाटलं, मलाच बोलावतायत, म्हणून थांबलो. पण हाक मला नव्हती. त्या ओरडत होत्या, "रामनाथ, बस रे जेवाया. पोरीलाबी आन. मी वाढते."

आपला,
भास्कर